तीन बॉड्या, एक किट लेन्स आणि रात्रभराचा धयकालो

पत्र थोडक्यात: पत्रलेखक कुडाळजवळच्या गावातले, वय २७. तीन वर्षांपासून लग्नांच्या टीमबरोबर दुसरा कॅमेरा धरतात. जवळ सोनीचा झेडव्ही-ई१० आणि त्याच्यासोबत आलेली १६-५० मिमीची किट लेन्स. आजोबा दशावतारात स्त्रीपार्ट करायचे. ते गेले, पण त्यांच्या बरोबरीचे एक कलाकार अजून आहेत, ७८ वर्षांचे. त्यांच्या आठवणी आणि यंदाच्या जत्रांमधले काही धयकाले (दशावताराचे रात्रभराचे प्रयोग) नीट चित्रित करून ठेवायचे आहेत. लग्नाच्या टीमचा प्रमुख म्हणतो, "फुल फ्रेम घे, दिवसाचे साडेतीन हजारांऐवजी पाच हजार देतो." (फुल फ्रेम म्हणजे चित्र टिपणारा सेन्सर मोठा असलेला कॅमेरा.) सोनी ए७ मार्क ४, कॅनन आर६ मार्क २ आणि पॅनासॉनिक एस५ मार्क २ या तिघांत अडकले आहेत. किट लेन्ससकट बजेट अडीच लाख; एक लाख साठवलेले, बाकीचे हप्त्यांवर किंवा वडिलांच्या काजूच्या पैशातून. प्रश्न एकच: तिघांतला कुठला?

---

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा कॅमेऱ्यांची नावं दिसली, दुसऱ्यांदा आजोबा दिसले. पत्राच्या चार पानांत साडेतीन पानं सेन्सरवर आहेत आणि आजोबांच्या मित्रावर पाच ओळी. माझं उत्तर नेमकं उलट्या प्रमाणात असायला हवं होतं, पण विचारलंय कॅमेऱ्याचं, तर आधी कॅमेऱ्याचंच बोलू.

हिशेबापासून सुरुवात करतो, कारण तो तुम्ही केलेला दिसत नाही. फुल फ्रेम आणल्यावर दिवसाला दीड हजार जास्त मिळणार. हंगामात तुम्हाला साधारण पंचवीस दिवस काम मिळतं, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे वर्षाला साडेसदतीस हजार. उसने आणायचे दीड लाख. नुसतं मुद्दल फिटायला चार हंगाम लागतील, व्याज वेगळं, आणि चार हंगामांनंतर तो कॅमेरा जुना झालेला असेल. शिवाय "पाच हजार देतो" हे प्रमुखांनी चहा पिताना म्हटलंय की व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलंय? रागावू नका, पण तोंडी वाढलेले रेट मी बरेच पाहिलेत. लग्नसराईच्या मध्यावर ते "पुढच्या वर्षापासून" होतात.

प्रमुखांना अजून एक विचारा: त्यांना खरंच फुल फ्रेम हवाय, की तुमचं फुटेज त्यांच्या फुटेजशी जुळत नाही ही त्यांची अडचण आहे? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झेडव्ही-ई१० आठ बिटांत रेकॉर्ड करतो, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. दहा बिटांत त्याच १,०२४ होतात. एडिटिंगला बसलेला माणूस नवरीच्या शालूचा रंग दोन कॅमेऱ्यांत जुळवायला जातो, तेव्हा आठ बिटांचं फुटेज फार ताणता येत नाही, भिंतीवर आणि आकाशात पट्टे दिसायला लागतात. त्यांचं दुखणं हे असेल तर त्यावरचं औषध दहा बिटांचा कॅमेरा आहे. तो फुल फ्रेमच असला पाहिजे असं नाही.

आता जत्रेकडे येऊ, कारण तुमच्या निवडीचा खरा कस तिथे लागणार आहे. तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नंही सुरू होतात आणि जत्राही. दिवसा मंडपात आणि रात्री देवळासमोर, अशा तुमच्या डिसेंबरच्या बऱ्याच तारखा जाणार. देवळासमोरच्या मांडावर काय असतं? एक बाकडं, मागे पडदा, बाजूला पेटी-पखवाज-झांज, आणि उजेडाला दोन-चार एलईडीचे फ्लड, तेही गावात जे मिळाले ते, एक पांढरा तर दुसरा निळसर. आडदशावतार (आख्यानाआधीचा पूर्वरंग) संपून आख्यान सुरू व्हायला मध्यरात्र होते आणि उजाडताना दहीकाल्यावर संपतं. पाच-सहा तास कॅमेरा चालू. अशा ठिकाणी सगळ्यात आधी मार खाते ती लेन्स.

तुमच्या किट लेन्सचा आकडा बघा: एफ ३.५ ते ५.६. हा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. राजापार्टाचा चेहरा जवळून घ्यायला झूम केलंत की ती ५.६ वर जाते. एफ २.८ ची लेन्स त्याच जागी चौपट उजेड आत घेते. फुल फ्रेमचा सेन्सर तुमच्या कॅमेऱ्यातल्या लहान, एपीएस-सी सेन्सरच्या सव्वादोनपट आहे, हे खरं. पण तुम्ही जो सेट घ्यायला निघालात त्यात ए७ मार्क ४ बरोबर २८-७० ची किट लेन्स आहे आणि तीही पुन्हा ३.५ ते ५.६ चीच! ढोबळ हिशेब असा करतात: एपीएस-सीवरच्या लेन्सचा एफ आकडा दीडने गुणायचा, म्हणजे फुल फ्रेमशी तुलना करता येते. २.८ गुणिले दीड म्हणजे ४.२. म्हणजे तुमच्या जुन्या कॅमेऱ्यावर २.८ ची लेन्स लावली तर ती झूमच्या लांबच्या टोकाला, अडीच लाखांच्या किट लेन्सवाल्या फुल फ्रेमपेक्षा जास्त उजेड गोळा करते. नव्या सेन्सरच्या चित्रात दाणे (नॉइज) थोडे कमी असतील, रंगांना जास्त वाव असेल, तेवढं मान्य. पण पैशाचा मोठा वाटा बॉडीवर आणि लेन्स फुकटात मिळाली तशी, हे म्हणजे नवीन बंदुकीत जुनी दारू.

म्हणून आधी लेन्स. तुमच्या ई-माउंटसाठी (सोनीच्या कॅमेऱ्यावर लेन्स बसवायची खाच) दोन पर्याय सरळ समोर आहेत. सिग्माची १८-५० एफ २.८ वजनाला तीनशे ग्रॅमच्या आत, गिंबलवर (कॅमेरा हातात स्थिर ठेवणारा दांडा) लावली तर हात दुखत नाही, लग्नाला उत्तम. टॅमरॉनची १७-७० एफ २.८ सव्वापाचशे ग्रॅमची, पण तिच्यात कंपन सावरणारी यंत्रणा आहे आणि टोक ७० मिमीपर्यंत जातं, म्हणजे लांबचं जास्त जवळून घेता येतं. झेडव्ही-ई१० च्या बॉडीत सेन्सर सावरणारी यंत्रणा नाही, त्यामुळे ही लेन्समधली सोय कामाला येते. मांडापासून दहा-बारा फुटांवर बसून बाकड्यावरचा राजा छातीपर्यंत फ्रेममध्ये हवा असेल तर ५० तोकडी पडते. मी तुमच्या जागी असतो तर टॅमरॉन घेतली असती आणि लग्नात गिंबलच्या वेळी चडफडलो असतो.

दोन-तीन मीटर अंतरावरून मुलाखत घ्यायची असेल तर सिग्माची ५६ एफ १.४ फार सुंदर चेहरा देते, पण ती आत्ता नको. धयकाल्यात तर १.४ वर फोकस धरणं म्हणजे शिक्षाच. मुकुट, त्याच्या कडेची चमकी आणि नाक यांत अर्ध्या वितीचं अंतर असतं, कॅमेरा मुकुटावर फोकस करून बसतो आणि डोळे धूसर होतात. चेहरा ओळखणारा ऑटोफोकस रंगवलेल्या चेहऱ्यावर कधी टिकतो, कधी पुढच्या रांगेतल्या कडेवरच्या पोराकडे उडी मारतो. रात्री एफ २.८ किंवा ४ वर राहा, फोकसचा चौकोन स्वतः बाकड्याच्या जागी ठेवा.

एक फुकटातली सुधारणा सांगतो, ती आजच करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. ३० फ्रेमला १/६० शटर ठेवलंत की फ्लडखाली पडद्यावर सरकते पट्टे येतात. मेनूत एनटीएससीवरून पालवर जा, २५ फ्रेम आणि १/५० शटर लावा. (कार्ड नव्याने फॉरमॅट करायला सांगेल, आधीचं फुटेज उतरवून घ्या.) वर नफा असा की तुमचा कॅमेरा फोर-के ३० मध्ये चित्र कडेने कापतो, २५ मध्ये नाही. काही स्वस्त एलईडी विजेच्या तालाशिवाय स्वतःच्याच लयीत मिणमिणतात, त्यांना हा उपाय पुरत नाही. तिथे दिव्यांचा कोन बदलून किंवा शटर १/१०० करून बघायचं आणि नाहीच जमलं तर त्या फ्लडवाल्याला चहा पाजायचा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. ५,००० च्या आसपास बांधून टाका, नाहीतर नट निळ्या दिव्याकडून पांढऱ्याकडे आला की कॅमेरा रंग बदलतो आणि एडिटिंगमध्ये तो काढता येत नाही. आणि यूट्यूबवर कुणीही कितीही सांगो, आठ बिटांच्या कॅमेऱ्यात रात्री एस-लॉग (रंग नंतर चढवायचे म्हणून फिकट रेकॉर्ड करण्याची सोनीची सोय) लावू नका.

आता जी गोष्ट तुमच्या पत्रात एकदाही आली नाही: आवाज.

काही वर्षांपूर्वी मी एका जत्रेत अख्खी रात्र चित्रित केली. कॅमेरा मागून आणलेला, चांगला, चित्र आजही बघण्यासारखं आहे. माइक कॅमेऱ्याच्या डोक्यावर. माझ्या उजव्या हाताला लाऊडस्पीकरचा बॉक्स आणि त्याच्यापलीकडे झांज. घरी येऊन ऐकलं तर पहिल्या झांजेपासून शेवटपर्यंत सगळं फाटलेलं, आणि शंखासुराचा प्रवेश तर नुसती खरखर. त्यातल्या एका नटाच्या घरच्यांनी पुढे ते फुटेज मागितलं. त्यांच्याच माणसाचा आवाज त्यात ऐकू येत नव्हता. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, नट आख्यानाच्या धाग्यावर संवाद जागीच बांधतात. म्हणजे जे गेलं ते कुठल्या वहीत सापडणार नाही. ती डिस्क अजून कपाटात आहे.

तुम्ही हे करू नका. एक छोटा रेकॉर्डर घ्या, ३२-बिट फ्लोटवाला. झूमच्या एच१ एसेन्शियलमध्ये ती सोय आहे. त्यात आवाजाची पातळी आधी ठरवावी लागत नाही, कुजबुज आणि आरोळी दोन्ही नंतर सावरता येतात. (माइकच सहन करणार नाही इतका मोठा आवाज मात्र तिथेही फाटतो, म्हणून बॉक्ससमोर ठेवायचा नाही.) तो मांडाच्या कडेला, पेटीच्या विरुद्ध बाजूला ठेवा. स्पीकरवाल्याच्या मिक्सरमधून दुसऱ्या रेकॉर्डरवर लाइन मिळाली तर उत्तमच. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवर आवाज चालू ठेवा, नंतर दोन्ही जुळवायला. टाळी वाजवायची गरज नाही. झांजेचा पहिला ठोका दोन्हीकडे टोकदार उमटतो, त्यावर जुळवा.

साठवणुकीचं गणित कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. फोर-के १०० मेगाबिटला तासाला ४५ जीबी, सहा तासांना २७०. तुमच्या कॅमेऱ्यात ६० मेगाबिटचा पर्याय आहे, तासाला २७ जीबी. मांडावरच्या स्थिर, ट्रायपॉडवरच्या फ्रेमला तो पुरतो. कार्डावर व्ही३० लिहिलेलं असलं की झालं, ती सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहितात. व्ही९० चे पैसे वाचवा. दिवसा लग्न करून रात्री जत्रेला जाताना कार्डं रिकामी आहेत का हे बघायला माणूस विसरतोच, म्हणून लग्नाची आणि जत्रेची कार्डं वेगळ्या रंगाच्या डब्यांत. बॅटरी लहान आहे, पण यूएसबी-सीने पॉवर बँक लावून रात्र काढता येते. ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर "हाय"वर ठेवा आणि स्क्रीन बॉडीपासून उघडून ठेवा, उष्णता सुटते.

एवढं सगळं म्हणजे लेन्स, रेकॉर्डर, तेलाच्या हेडचा साधा ट्रायपॉड, दोन कार्डं आणि डिस्क तुमच्या साठवलेल्या एक लाखात बसवता येईल. ओढाताण होईल, पण हप्ता नाही आणि वडिलांची बाग मध्ये नाही. काजूचा दर कुठल्या वर्षी काय असेल ते तुमचे वडील माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. तरीही त्यांनी "घे" म्हटलं, म्हणूनच जास्त जपा.

मग तुमच्या तिघांचं काय? टाळत नाही, बोलतो. हे हंगामानंतरसाठी.

ए७ मार्क ४ तुम्हाला सोयीचा एका वेगळ्याच कारणाने आहे: आत्ता घेतलेली एपीएस-सी टॅमरॉन त्याच्यावरही चालते. चित्र कापलं जातं, तरी फोर-के व्हिडिओ पूर्ण दर्जाचा मिळतो. दोन कार्डांच्या खाचा आहेत, हे लग्नात फार मोठं. पण फुल फ्रेमवर सेन्सर सावकाश वाचला जातो, कॅमेरा झपकन फिरवला की खांब तिरके होतात. मांडावर युद्ध सुरू झालं की तलवारीही वाकतात. तुमच्या आत्ताच्या कॅमेऱ्याचंही हेच दुखणं आहे.

आर६ मार्क २ कातडीचे रंग एडिटिंगशिवाय, थेट कॅमेऱ्यातूनच सुंदर देतो आणि फोर-के ६० फ्रेम चित्र न कापता देतो, जे बाकी दोघांना जमत नाही. वरातीच्या स्लो मोशनला सोन्यासारखा. अडचण लेन्सची: कॅननने २०२४ मध्ये सिग्मा-टॅमरॉनला आरएफ माउंटची (आर६ वर लेन्स बसवायच्या खाचेची) दारं उघडली ती एपीएस-सी लेन्सपुरती. फुल फ्रेमसाठी बहुतेक कॅननच्याच महाग लेन्स किंवा अ‍ॅडॉप्टर लावून कॅननच्या जुन्या ईएफ माउंटच्या लेन्स. जुन्या ईएफ गावोगावच्या स्टुडिओंच्या कपाटांत पडलेल्या असतात आणि अ‍ॅडॉप्टरवर छान चालतात, हा मार्ग हिणकस समजू नका.

एस५ मार्क २ मध्ये पंखा आहे. रात्रभर चालू ठेवा, कुरकुर करत नाही. हातात धरून काढलेलं चित्र याच्याइतकं स्थिर बाकी दोघांचं नसतं. २०२३ च्या या मॉडेलपासून पॅनासॉनिकचा ऑटोफोकस भरवशाचा झाला. नुसता धयकालो करायचा असता तर मी हाच सुचवला असता. पण टीममध्ये कुणाकडे एल-माउंटची (या कॅमेऱ्याला बसणारी) लेन्स नसेल, तर ऐन मुहूर्तावर लेन्स अडली की उसनी कोण देणार?

आणि चौथा, ज्याचं नाव तुम्हाला कुणी सांगितलं नाही कारण तो फुल फ्रेम नाही: सोनी एफएक्स३०. एपीएस-सी, दहा बिट, पंखा आतच, सेन्सर सावरणारी यंत्रणा, दोन खाचा आणि तुमची तीच टॅमरॉन. फोटोंसाठी फारसा उपयोगाचा नाही, त्याला व्ह्यूफाइंडर नाही की मेकॅनिकल शटर नाही. पण तुम्ही फोटो काढतच नाही. प्रमुखांची अडचण रंग जुळवण्याची निघाली तर त्यांना हाच दाखवा. नावावरूनच नको म्हणाले, तर त्यांना गिऱ्हाइकासमोर मिरवायला कॅमेरा हवाय असं समजा, आणि मग तो त्यांनीच घ्यावा.

यातला कुठलाही घेण्याआधी कोल्हापुरातून किंवा गोव्यातून दोन रात्रींसाठी भाड्याने आणा. एक रात्र धयकालो, एक दिवस लग्न. दोन्हीचं फुटेज तुमच्याच कॉम्प्युटरवर उघडून बघा. दहा बिटांच्या फाइली जुन्या मशीनवर अडखळतात आणि मग कॅमेऱ्यामागोमाग लॅपटॉपचाही हप्ता सुरू होतो. घ्याल तेव्हा पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी बघून घ्या, दहा-पंधरा हजार स्वस्त "बाहेरून आलेला" पीस नको.

कोकणातल्या सगळ्यांसाठी एक पुरवणी: लेन्स कपाटात, बॅगेत, पावसाळाभर बंद ठेवू नका. बुरशी काचेवर जाळं विणते आणि ती काढायचा खर्च बराच होऊ शकतो. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा काटा. तो ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की तव्यावर शेकून परत वापरता येते.

धयकाल्याच्या चित्रीकरणाला कंपनीच्या मालकांना आणि देवस्थानच्या मानकऱ्यांना आधी भेटा. अख्खं आख्यान नेटवर टाकणार की नुसतं जपून ठेवणार, हे स्पष्ट सांगा. त्यांचं पोट नाइटवर, म्हणजे रात्रीच्या प्रयोगाच्या पैशावर चालतं. घरबसल्या फुकट दिसलं तर पुढची नाइट कमी व्हायची भीती त्यांना वाटते आणि ती खोटी नाही.

आता आजोबांच्या मित्राचं. त्यांच्यासाठी लेन्स येईपर्यंतही थांबू नका. येत्या रविवारी जा, तुमचा कॅमेरा आणि आहे ती किट लेन्स घेऊन. सकाळी नऊच्या सुमारास पडवीत बसवा, उजेड बाजूने येऊ द्या, म्हणजे एफ ५.६ सुद्धा भरपूर होतं. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. मोबाइलवर रेकॉर्डर चालू करून तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवा, आवाज कॅमेऱ्यापेक्षा चांगला येईल. स्त्रीपार्टाचं लुगडं कसं नेसायचे ते बोलून नाही, नेसून दाखवायला सांगा, आणि आजोबांबद्दल विचारल्यावर ते गप्प झाले तर कॅमेरा बंद करू नका. पंखा मात्र बंद करा. फ्रिजही, त्याची घरघर कानाला जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये जाणवते. फ्रिज बंद केलात की गाडीची चावी त्याच्या आत ठेवा, म्हणजे निघताना तो परत चालू करायला विसरणार नाही आणि काकूंचे बांगडे खराब होणार नाहीत.